पातं जुनं, मूठ नवी

ग्रॅहमने भिंग टेबलावर ठेवलं, खुर्ची मागे ढकलली आणि एकच शब्द म्हणाला, "मॅरेज."

समोर बसलेल्या जगताप काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा मुलगा समीर फोनमधून डोकं वर काढून म्हणाला, "सॉरी, हूज मॅरेज?"

आमच्या धंद्यात मॅरेज म्हणजे जोडकाम. एका वस्तूची मूठ घ्यायची, दुसरीचं पातं घ्यायचं आणि दोन्ही बसवून अख्खी जुनी वस्तू म्हणून पुढे करायची. पॅरामॅटातल्या एका ऑक्शन हाउसमध्ये मी सैनिकी वस्तू पारखते. पुण्याहून ऑस्ट्रेलियात, मॉसन लेक्सला धातुशास्त्र शिकायला आले, मनासारखी नोकरी मिळेना म्हणून इथे तात्पुरती लागले आणि चिकटले. ग्रॅहम माझा बॉस. धातूच्या बाबतीत मला कुणी गंडवू शकत नाही, असा त्या दिवसापर्यंत माझा समज होता.

"काय म्हणतोय हा?" काकांनी मला मराठीत विचारलं.

"लग्न लावलंय म्हणतोय, काका. मूठ एकाची, पातं दुसऱ्याचं."

"कुणी लावलं?" काका म्हणाले. "आमच्या घरातून ही वस्तू कधी बाहेर गेलेली नाही."

वस्तू म्हणजे ब्रिटिश कमांडो डॅगर. दुसऱ्या महायुद्धात कमांडोंसाठी बनवलेला, अरुंद पात्याचा, दोन्हीकडून धार असलेला खंजीर. असली चीज बॅगेत घालून ट्रेनने हिंडवायची नसते, म्हणून समीरने ती गाडीच्या डिकीतून कुलूपबंद पेटीत आणली होती. काका क्वेकर्स हिलला त्याच्याकडे राहतात. त्यांचे वडील, अप्पा, मराठा पलटणीत होते. इटलीत एका जखमी इंग्रज कॅप्टनला त्यांनी पाठीवर घेऊन डोंगर उतरवला. कॅप्टनने बदल्यात आपला डॅगर दिला. डॅगरवर साहेबाने टोच्याने स्वतःचं नाव कोरलंय, असं अप्पा आयुष्यभर सांगत राहिले.

अडचण एवढीच होती, की ते नाव कुणालाच कधी दिसलं नाही.

"गावी सगळे हसायचे," काका म्हणाले. "माझा चुलतभाऊ आबा अजून साताऱ्यात आहे, तो तर तोंडावर म्हणतो, तुझ्या बापाने मुंबईच्या बाजारातून आणला आणि थापा मारल्या. मी भांडतो त्याच्याशी. पण खरं सांगू का पोरी, नाव मलाही कधी दिसलेलं नाही."

इथल्या एका छोट्या वॉर म्युझियमला भारतीय सैनिकांवर एक कपाट मांडायचं होतं. डॅगर घेऊ म्हणाले, पण आधी तो खरा असल्याचं आमचं पत्र आणा म्हणाले. समीरला त्यात फारसा रस नव्हता. काकांचा मात्र जीव त्या पत्रात अडकला होता, आणि ते मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं.

आता डॅगरची क्वालिटी कशी ठरवतात ते सांगते. लोकांना वाटतं, चांगला म्हणजे चकचकीत आणि नीटनेटका. आमच्याकडे उलटं आहे. युद्धात ही पाती कारागिरांनी हाताने घासून काढली. पात्याच्या मधोमध एक कणा असतो, तो कुठेतरी केसभर कलतोच. अगदी नाकासमोर चालणारा कणा दिसला की मला आधी नक्कल आठवते. काकांच्या पात्याचा कणा टोकाकडे जरासा डावीकडे गेला होता. पोलादावर जुनेपणाची राखाडी छटा होती. मूठ आणि पातं यांच्यामध्ये आडवी लोखंडी पट्टी असते, गार्ड म्हणतात तिला. तिची जाडी बरोबर, तोलही बरोबर.

आणि मग मूठ. पितळेची, बारीक चौकटीचे दाते पाडलेली. लेथवर काम केलेले लोक त्याला नर्लिंग म्हणतात. जुनी मूठ असेल तर दात्यांची टोकं झिजतात आणि मधल्या खाचांत काळा मळ बसतो. इथे टोकं झिजलेली होती, पण खाचा लख्ख. देवघरातल्या समईसारखी मूठ चमकत होती. म्हणजे जुनी की नवी? झीज खोटी पाडली म्हणावी, तर ती फार सावकाश आणि सगळीकडून पडलेली दिसत होती. जुनी म्हणावी, तर खाचांतला मळ गेला कुठे?

मी विचारलं. आमच्या ठरलेल्या प्रश्नांपैकीच तो एक आहे. "हॅज इट एव्हर बीन पॉलिश्ड ऑर रिस्टोअर्ड?"

"नो, नो," काका ठामपणे म्हणाले. "नेव्हर पॉलिश."

"क्लीन्ड प्रोफेशनली?"

"नेव्हर. अवर हाउस ओन्ली."

ग्रॅहमने खांदे उडवले. "मेट, देन इट्स अ न्यू ग्रिप. सॉरी."

मला पटत नव्हतं, पण का पटत नव्हतं तेही सांगता येत नव्हतं. अशा वेळी मला माझाच राग येतो. मी ग्रॅहमला म्हटलं, "आर्वोपर्यंत दे मला." आर्वो म्हणजे इथल्या बोलीत दुपार. तो म्हणाला, "नो वरीज," आणि कॉफी आणायला गेला. काका जागचे हलले नाहीत.

मी मूठ खिडकीच्या उजेडात नेली. नवं पितळ लिंबासारखं पिवळं असतं. हे किंचित गुलाबी होतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आम्लाने वरवरचं जस्त निघून जातं आणि तांब्याचा रंग वर येतो, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले आहेत. म्हणजे मुठीला आम्ल लागलं होतं. कुठलं? कारखान्यातलं असतं तर त्याने दाते खाल्ले असते. हे काहीतरी मवाळ होतं. मुठीच्या टोकाशी एक नट असतो, त्याच्या कडेला तपकिरी धागा अडकला होता. ग्रॅहम त्याला म्यानाचं चामडं म्हणाला होता. मी तो चिमट्याने काढून भिंगाखाली धरला. चामडं नव्हतं ते. ओळखीचं होतं, पण नाव आठवेना. चांगली पाच मिनिटं मी त्या धाग्याकडे मठ्ठासारखी बघत बसले.

ती चिंचेची शीर होती.

मी वळले. "काका, हे घासता का तुम्ही?"

"म्हणजे काय?" काकांना प्रश्नच कळला नाही. "खंडेनवमीला शस्त्रं नको का घासायला? पारोशी पूजा करायची का?"

"कशाने?"

"मुठीला चिंच. आडव्या पट्टीला विटेची भुकटी. पात्याला चिंच चालत नाही, गंजतं, त्याला नुसता खोबरेल तेलाचा हात. अप्पांनी घालून दिलेली पद्धत आहे. मग हळदकुंकू, झेंडूचं फूल."

"दरवर्षी?"

"एकही दसरा चुकलेला नाही. इथे आल्यावरसुद्धा. इंडियन शॉपमध्ये मिळते की चिंच."

"मग मघाशी नेव्हर पॉलिश का म्हणालात?"

काका माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू मीच वेडी. "पॉलिश कुठे केलं? पॉलिश बुटाला करतात."

मला हसू आलं आणि संतापही आला. प्रश्न मी विचारला होता, तोही मराठी माणसाला, आणि इंग्रजीत. दसऱ्याला आमच्याकडे आई अडकित्त्यापासून विळीपर्यंत सगळं घासून मांडायची. ते सगळं मला ठाऊक असून काडीचा उपयोग झाला नव्हता.

ग्रॅहम परत आल्यावर त्याला मूठ आणि गार्ड यांच्यामधली फट दाखवली. चिंचेचं बोट तिथे पोचत नाही. भिंगातून आत मुठीचा, ती चमकू नये म्हणून कारखान्यात दिलेला मूळचा काळा लेप दिसत होता, आणि तोच लेप सलग गार्डच्या काठावर उतरला होता. दोन्ही भाग एकाच वेळी, एकत्रच रंगवलेले. जोडकाम नव्हतं.

"टॅमरिंड," ग्रॅहम म्हणाला. "लाइक, फॉर करी?"

"लाइक, फॉर करी."

"सो इट्स राइट." आमच्या भाषेत राइट म्हणजे अस्सल.

समीरने बापाच्या पाठीवर थाप मारली. काका मात्र खूश दिसेनात. "डॅगर खरा. पण नाव?" ते म्हणाले. "खरा डॅगर बाजारातही मिळाला असेल. आबा तेच म्हणेल."

विटेची भुकटी माझ्या डोक्यात तेव्हा कुठे शिरली. मुठीवर दाते असतात, पात्यावर कुणी टोच्याने कोरत नाही. नाव कोरायला सपाट जागा एकच, गार्ड, आणि भुकटी तिथेच लागत होती. मी पडदे ओढले आणि टॉर्च गार्डला जवळजवळ टेकवून आडवा धरला. असा तिरपा उजेड पडला की बोटाला न लागणारा खड्डाही सावली टाकतो. आधी काहीच दिसलं नाही. टॉर्च जरा फिरवला, आणि एक उभी रेघ आली. तिच्या शेजारी अर्धा गोल. मग नुसत्या पुसट खुणा, एकाच उंचीच्या, एका ओळीत. अक्षरं होती. कुठली, ते ग्रॅहमला वाचता येईना आणि मलाही.

काकांनी चष्मा काढून, घालून, परत काढून पाहिलं.

"म्हणजे नाव होतं."

"होतं, काका."

त्यांनी स्वतःच्या अंगठ्यांकडे पाहिलं. "आम्हीच घालवलं की गं. इतकी वर्षं घासून घासून."

"सुरुवात अप्पांनीच केली," मी म्हटलं. मी टॉर्च बंद केला आणि पडदे उघडले.

पत्र आम्ही दिलं. युद्धकाळातला अस्सल डॅगर, सगळे भाग मूळचे, गार्डवर हाताने कोरलेली अक्षरं, आता वाचता येत नाहीत. खाली ग्रॅहमने त्याच्या सवयीप्रमाणे 'सिव्हिअरली ओव्हर-क्लीन्ड' असं लिहिलं. या धंद्यात ती शिवी आहे. काकांनी त्याचा अर्थ विचारला. मी सांगितलं, "फार जपलंय."

तिथेच रिसेप्शनमध्ये बसून त्यांनी साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. आबा उघड्या अंगाने, टॉवेल खांद्यावर टाकून समोर आले. काकांनी पत्र कॅमेऱ्यासमोर धरलं. "आबा, नाव होतं रे. अप्पा खरं सांगत होते. इथल्या साहेबाने लिहून दिलंय. घासून गेलं ते."

आबांनी ऐकून घेतलं. "आता आहे का?"

"आता नाही."

"मग मी तरी दुसरं काय म्हणत होतो?" आबा म्हणाले आणि अंघोळीला गेले.

पत्राने वस्तू खरी ठरते, माणूस ठरत नाही, एवढं मी त्या दिवशी शिकले. काकांनी फोन खिशात ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "त्याचं जाऊ दे. मला आता भांडताना आपण खोटं बोलतोय असं वाटणार नाही."