लाईट गेल्यावर गळालेलं नाव

आमच्या श्रीरामपुरात लग्नपत्रिका छापायची म्हणजे नावांची भानगड. नवरानवरीची नावं दोनच. भांडणं होतात ती खालच्या बारीक अक्षरांवरून. निमंत्रक, व्यवस्थापक, आपले नम्र: कोणाला वर घातलं, कोणाला खाली आणि कोणाला गाळलं, यावर भावकीतली वैरं पिढ्यान्‌पिढ्या पोसली जातात. मार्थाताई अमोलिक याकडे धंदा म्हणून बघतात. त्यांच्या शेजारी माझं बायंडिंगचं दुकान आहे, मी फुकटचा तमाशा म्हणून बघतो.

ताईंचे वडील जॉन अप्पा छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे एकेक उचलून स्टिक नावाच्या छोट्या पट्टीत ओळ जुळवायची, हे त्यांचं काम. आधीचा मजकूर काढून स्टिक रिकामी केल्याशिवाय पुढच्याला हात घालायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता. ताई ते बघत वाढल्या. छापखाना बंद पडला तेव्हा त्या कॉम्प्युटर शिकल्या आणि स्वतःच्या नावाची पाटी लावून बसल्या. गिऱ्हाइकाला पाहून हसत नाहीत, चहा विचारत नाहीत आणि दिलेली तारीख चुकवत नाहीत. गावाला तिन्हींची सवय झाली आहे.

नावं हल्ली व्हॉट्सॲपवर येतात, पण ताईंच्या डिझाईनच्या सॉफ्टवेअरला जुनाच फॉन्ट लागतो. म्हणून एकेक नाव कॉपी करायचं, फॉन्ट बदलणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये टाकायचं, तिथून पुन्हा कॉपी करून पत्रिकेत आणून चिकटवायचं. लग्नसराईत यानं बोटं मोडून येतात. ताईंनी यूट्यूबवर बघून एक स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम देऊन ठेवले: कॉपी कर, जरा थांब, चिकटव, पुढचं घे. माऊस आपला आपण पळायला लागला. मी म्हणालो, "ताई, आता तुमची पण गरज नाही." त्या म्हणाल्या, "तुमची कधी होती?"

मग सोनईचे कानिफनाथ दुकानात शिरले आणि ताईंनी छापलेलं कार्ड काउंटरवर आपटलं. मुलीचं, रुपालीचं लग्न काढलेलं. चुलतभाऊ सूर्यभान आणि त्यांचं बांधावरून कित्येक वर्षं तोंड बंद होतं. या लग्नाच्या निमित्तानं चार माणसांनी बसून ते मिटवलं होतं. सूर्यभाननी एकच मागणं केलं होतं, कार्डावर भावांच्या ओळीत नाव पाहिजे.

"ताई, बघा! भावांच्या ओळीत अजिनाथचं नाव दोनदा, अन्‌ सूर्यभानचं न्हाईच! तो म्हन्तो, मुद्दाम काढलं. लग्नाला यायचा न्हाई. पुन्हा बांधावं कुऱ्हाडी निगायच्या!"

ताईंनी व्हॉट्सॲप उघडलं. आलेल्या नावांत सूर्यभान होते. म्हणजे नाव गळालं ते इथंच.

त्यांनी तीच नावं स्क्रिप्टमधून पुन्हा काढली. सगळी बरोबर. पुन्हा काढली, पुन्हा बरोबर. चूक कुठं होते ते बघायला प्रत्येक पायरीला पडद्यावर एक चौकट उघडेल असं केलं, तर स्क्रिप्ट शाळा तपासणीच्या दिवशीच्या पोरांसारखी वागू लागली. मी म्हणालो, सोडा, नवी कार्डं देऊन टाका. त्यांनी मान वर केली नाही.

ताईंनी चौकट काढून टाकली. दुपारी लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर गेला, पडदा मंद झाला आणि पुढच्याच फेरीत एक नाव दोनदा आलं.

भानगड एवढीच होती. कॉपी केलेला मजकूर कॉम्प्युटर ज्या तात्पुरत्या जागेत धरून ठेवतो तिला क्लिपबोर्ड म्हणतात. बॅटरीवर यंत्र मंदावलं की कन्व्हर्टरमधलं नवं नाव तिथं पोचायला उशीर व्हायचा. स्क्रिप्ट तिच्या ठरलेल्या वेळेपुरतीच थांबायची आणि क्लिपबोर्डवर जे असेल ते, म्हणजे आधीचंच नाव, चिकटवून पुढं जायची. ती पडद्यावरची चौकट उघडायला वेळ जायचा, तेवढ्यात नवं नाव पोचायचं. त्यामुळं नजर ठेवली की सगळं सुरळीत.

मला वाटलं, ताई थांबायची वेळ वाढवतील. "वाढवून काय? यंत्र त्याहून मंद झालं की परत तेच," त्या म्हणाल्या. "अप्पा स्टिक आधी रिकामी करायचे." त्यांनी स्क्रिप्ट बदलली. प्रत्येक वेळी क्लिपबोर्ड आधी पुसायचा, मग कॉपी करायचं, नवं काही आल्याशिवाय हलायचं नाही, आणि आलंच नाही तर शिट्टी वाजवून काम बंद. चार्जर काढून दुपारभर चालवली. एकही नाव दोनदा आलं नाही.

एवढ्यावर त्यांचं काम संपत होतं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान बंद केलं, जे नाताळ सोडून त्या करत नाहीत, आणि मला गाडी काढायला लावली.

सोनईला कानिफनाथांच्या ओसरीवर भावकी जमली होती. सूर्यभान खांबाला टेकून बसले होते. त्यांना चुलत्यांनी ओढूनच आणलेलं दिसत होतं. ताईंनी लॅपटॉप मधोमध ठेवला, चार्जर काढला आणि सगळ्यांदेखत जुनी स्क्रिप्ट त्याच नावांवर चालवली. पडद्यावर ज्ञानेश्वर आले. पुन्हा ज्ञानेश्वर आले. कानिफनाथांचं नाव गायब.

सगळे हसले. "घ्या, बापच न्हाई लग्नाला!" कोणीतरी ओरडलं. कानिफनाथही हसले, सुटल्यासारखे.

"चूक माझ्या यंत्राची आहे भाऊ, यांची नाही," ताई सूर्यभानना म्हणाल्या. "नवी कार्डं छापून आणलीत."

सूर्यभान हसले नव्हते. "तुमचं पटलं ताई. यंत्राला काय कळतंय." मग भावाकडं वळले. "पर छापायच्या आधी ताईंनी तुला कार्ड मोबाईलवर धाडलं हुतं ना? तू अंगठा दावला. मग गावभर वाटलं. येवढ्या येळात तुला एकदा बी दिसलं न्हाई, का मी न्हाई?"

कानिफनाथांनी नवं कार्ड उचलून भावांच्या ओळीवरून बोट फिरवलं.

"न्हाई दिसलं," ते म्हणाले.

सूर्यभान उठले, चपला घातल्या आणि गेले. ताईंनी लॅपटॉप मिटला. परतीच्या वाटेवर मला त्यांची दया आली आणि कानिफनाथांचा राग आला.

लग्नाला आम्हा दोघांना बोलावणं होतं. आम्ही उशिरा पोचलो आणि घरच्यांच्या शेवटच्या पंगतीत बसलो. बुंदीची बादली घेऊन सूर्यभान वाढायला आले तेव्हा माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. "पोरीसाठी आलाय, भावाशी अजून बोलत न्हाई," शेजारचा कुजबुजला. ताईंच्या पानावर त्यांनी मूठभर टाकली, मग आणखी मूठभर.

"दोनदा येतंय ना तुमच्याकडं?" म्हणाले. ताई हसल्या. मी साक्षीदार आहे.

पानापानावर वाढत ते कानिफनाथांपुढं आले आणि थांबले. हात बादलीतच होता. कानिफनाथ पानाकडं बघत होते. शेजारच्यानं जेवणं थांबवलं. सूर्यभान पुढं सरकेनात.

कानिफनाथांनी मान वर केली.

"सूर्या," ते म्हणाले, "वाढ की."

सूर्यभाननी वाढलं.