घरच्या औषधाचं बिल

माझ्या भावोजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, आयुष्यात कुठल्याच गोष्टीवर ती पाच वेळा घडल्याशिवाय विश्वास ठेवला नाही, देवावरही नाही. पनवेलला त्यांचं औषधांचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागेच घर. नव्वद सालानंतर पाचेक वर्षांनी त्यांनी एक जुना कॉम्प्युटर आणला आणि दुकानातली सगळी बिलं त्यात भरायला घेतली. माणसं कोणत्या औषधासोबत कोणतं औषध नेतात, हे त्यांना शोधायचं होतं. कशासाठी, असं विचारलं की म्हणायचे, "अरे, माणूस डॉक्टरला सांगत नाही ते बिलात सांगून जातो."

दुकानात हजारभर औषधं. प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावून बघायची म्हटल्यावर ते डबडं गणपतीत सुरू केलं तर दिवाळीपर्यंत घरघरत राहिलं असतं. मग कुठल्याशा इंग्रजी लेखाची झेरॉक्स त्यांच्या हाती लागली आणि स्वारी खुलली. जे औषध एकटंसुद्धा पाच बिलांत येत नाही, त्याची जोडी पाच बिलांत कुठून येणार? तेव्हा ते आधीच गाळून टाका. उरलेल्यांच्याच जोड्या लावा, त्यातल्याही कमी येणाऱ्या गाळा, मग तिघांचे गट करा. दोन महिन्यांचं काम दुपारच्या झोपेत उरकायला लागलं. भावोजी इतके खूश झाले, की तीच चाळणी त्यांनी घरालाही लावली. शिरढोणच्या आत्या वर्षातून एकदा यायच्या, म्हणून त्यांना चहाच्या आधणात धरायचंच नाही! आत्या रुसून गेल्या त्या परत आल्याच नाहीत. तर हे मला म्हणतात, "बघ, धरलं नव्हतं तेच बरं." कपाळ माझं!

पहिल्या वर्षीचे शोध तर विचारूच नका. जुलाबाच्या गोळ्या नेणारा मीठसाखरेची पुडीही नेतो! हे ताईने भाजी निवडता निवडता सांगितलं असतं. पण एक जोडी दर हिवाळ्यात वर यायची: भाजल्यावर लावायचं मलम आणि लहान मुलांचं खोकल्याचं औषध. हिचा अर्थ काही लागेना. भावोजी पंधरा दिवस गिऱ्हाइकांना विचारत बसले, तेव्हा कळलं की ही सगळी वीटभट्टीवरची माणसं. आईचा हात भाजतो आणि पोर धुरात खोकतं. तेव्हापासून मलम मागितलं की हे पोराची चौकशी आधी करायचे. एक बाई डोळे मोठे करून म्हणाली, "पोराला खोकला हाय ता मी बोललीच नाय, तुमाला कसा कलला?" भावोजी दोन दिवस जमिनीवर नव्हते. मला त्यांचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

पण घरच्या औषधाचं बिल कोण फाडतं? ताईला काही होत असलं की ती मधल्या दारातून दुकानात यायची, फळीवरची एखादी पट्टी उचलायची आणि पुन्हा आत जायची. कधी पित्ताची गोळी, कधी पाठीला चोळायचं मलम, कधी दम लागतो म्हणून टॉनिक. एका भाऊबीजेला मला ओवाळता ओवाळता तिने तबक मध्येच खाली ठेवलं आणि डावा खांदा दाबत बसली. "हात भरून येतो रे हल्ली," ती म्हणाली, "पण यांना सांगू नकोस हं. मलाही त्या डबड्यात घालतील." आम्ही दोघंही हसलो. मी सांगितलं नाही. पुढच्याच माघात ताई गेली. ओट्यापाशी उभी होती, तिथेच कोसळली. डॉक्टर म्हणाले, हृदय.

तेराव्यानंतर भावोजी ताईची बिलं फाडायला बसले. फळीवर कुठला माल किती कमी पडतोय ते मोजायचं, कामवालीला विचारायचं, आठवायचं, आणि कॉम्प्युटरमध्ये भरायचं. "पित्त, पाठ, दम," असं पुटपुटत राहायचे. "एखाद्या परक्या बाईच्या नावावर हे तिन्ही निघालं असतं ना, तर मी तिला हाताला धरून दवाखान्यात नेलं असतं." मी गेलो की एकच प्रश्न, "तुला काही बोलली होती का रे?" मी नाही म्हणायचो. चार महिने नाहीच म्हणत राहिलो. इतका भित्रा मी.

शेवटी एका दुपारी दुकान बंद असताना सगळं सांगून टाकलं. भाऊबीज, तबक, खांदा, तिने घातलेली शपथ नव्हे, नुसती विनंती. ते मला घराबाहेर काढतील असं वाटलं होतं. काढलं असतं तर सुटलो असतो. भावोजींनी कॉम्प्युटर बंद केला. मग हळूच म्हणाले, "तू त्याच दिवशी सांगितलं असतंस ना, तरी मी तुला विचारलं असतं, 'असं किती वेळा झालं?'"

आणि तोंड फिरवून ढसाढसा रडले. आपल्याकडे बहिणीच्या नवऱ्याचा हात हातात घ्यायची रीत नाही. मी घेतला, आणि दुकान उघडायची वेळ टळून गेली तरी सोडला नाही.