तुलेचा गूळ

"ए ढोल्या, बस त्या पारड्यात," मालक म्हणले.

मी जालन्यातल्या एका आडत दुकानात मापाडी होतो. निजामाचं राज जाऊन थोडीच वर्सं झाल्ती. त्या दिवशी मालकाच्या नातवाची गूळतुला होती. एका पारड्यात पोरगं, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. मीच तोललं, बराबर. तुला झाली, पण पावण्यांना गंमत पाह्यजे होती. मला दंड धरून बसवलं अन् समोर ढेपेवर ढेप चढवून राह्यले. "अजून आणा. हत्तीचं पिल्लू हाय हे." पावणे पोट धरून हसत होते. मालकाचं पोट माझ्याहून मोठं. पण त्यांचं पोट म्हणजे बरकत, अन् माझं म्हणजे चोरून खाल्लेलं.

मिसरूड फुटायच्या आत मला साखरेचा रोग लागला. वाळून काडी झाल्तो. तवा कुणी हसलं न्हाई. मंग सरकारी दवाखान्यातली सुई सुरू झाली अन् जीव वाचला. पण सुई टोचली की खावंच लागतं. न्हाई तर हातपाय कापतात, डोळ्यापुढं अंधारी येते, माणूस जातो. सुई जरा जास्त झाली की पुन्हा खा. असं करता करता अंग सुटलं. जगायसाठी खाल्लं, अन् लोकांनी खादाड ठरवलं.

त्या दिवशी आचाऱ्यानं पानं मांडली तसा मी मागं जाऊन सुई टोचून घेतली. परतलो तर मुनीम म्हणले, "नोकरमाणसं शेवटच्या पंगतीला." रीतच होती ती. आधी पावणे, मंग घरचे, मंग आम्ही; गार भात अन् तळातली आमटी. अन् तेवढ्यात मालकानं पारड्यात बसवलं.

बसल्या बसल्याच घाम सुटला. हात कापायला लागले. गूळ हाताच्या अंतरावर होता. मी खडा मोडला तर मालकानं मनगट धरलं. पेढ्याच्या तुपानं बरबटलेला हात. त्याची किळस आली, अजून येते.

"साखरेच्या रोग्याला गूळ? जीभ आवरत न्हाई, म्हणून तर असा फुगलास."

"मालक, सुई टोचलीय. खाल्लं न्हाई तर मरंल मी."

"मंग भाईर जाऊन मर. शुभकार्यात अपशकुन नको."

एवढं बोलून पान चघळत राह्यले.

मी हात हिसडला. ढेप छातीशी ओढली अन् दातांनीच तोडली. तिच्यावर माश्या बसल्या होत्या. त्यांना कुणी हाकललं नव्हतं. तुलेचा गूळ माश्यांनी खाल्लेला चालत होता.

"उष्टा केला," कुणीतरी म्हणलं.

कापरं थांबेस्तोवर खाल्लं. मंग उतरलो अन् पहिल्या पंगतीत पानावर जाऊन बसलो. आचारी मालकाकडं पाहू लागला.

"तिकडं काय पाह्यतो? भूक मला लागलीय. वाढ."

त्यानं वाढलं. शेजारचे दोघं उठून गेले. गेले तर गेले. मी जेवलो, हात धुतला. चाकरी तिथंच गेली.

आता दुसऱ्या दुकानात तोलतो. तिथं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, सुई झाली की मी जेवणार, समोर कुणाची का पंगत असंना. ज्याला शेवटच्या पंगतीची लई आवड, त्यानं स्वतः बसावं शेवटी. माझं पान मी कुणाच्या हुकमानं मागं सारणार न्हाई.