बोस्टन महाग की डॅलस?

परवा सकाळी नातीचा व्हिडिओ कॉल आला... मी ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत बसले होते. नात अमेरिकेत, बोस्टनला असते. नातजावयाला बढती मिळत होती, पण त्यासाठी डॅलस नावाच्या शहरात जावं लागणार होतं. जायचं की नाही, तेच चाललं होतं दोघांचं.

तिकडे म्हणे मोबाइलवर दोन शहरांची नावं टाकली की कुठलं किती महाग ते आपोआप समजतं. घरभाडं, दूध, दवाखाना, वीज... सगळं. बोस्टनला घर गरम ठेवायला पैसे, डॅलसला थंड ठेवायला पैसे. मी म्हटलं, "अरे, मधे एखादं गाव नाही का, फुकट राहायला?"

नातीचं पोर पाळणाघरात सांभाळायचे पैसे ऐकले आणि मिरची हातातच राहिली. जवळजवळ घरभाड्याइतके! आमच्याकडे पोरगं रांगत रांगत चार घरं जेवून येतं.

शेवटी डॅलस स्वस्त निघालं. शिवाय घराला पुढे अंगण, मागे अंगण. जावई खूश. मीही म्हटलं, जा मग, वाट कसली बघता?

तेव्हा नात बोलली. आवाज न चढवता, आमच्या अहिराणीत. "यामा मन्हा पगार कोठे शे?" म्हणजे यात माझा पगार कुठे आहे?

ती लॅबमध्ये कामाला आहे, औषधं शोधतात तिथं. तसलं काम डॅलसला तिला मिळत नव्हतं. म्हणजे तिकडे जाऊन तिनं घरी बसायचं... आणि हे हिशोबात कुणी धरलंच नव्हतं. मीही नाही.

आता भांडण पेटणार, असं वाटलं. "गप बस" म्हणायला मी तोंडसुद्धा उघडलं होतं.

पण तेवढ्यात माझे दिवस आठवले. लग्नानंतर कळसाडी गावी मी कापूस वेचायला जायची. मजुरी सासूबाईंच्या हातात पडायची, तशीच रीत होती. मग सासऱ्यांनी नंदुरबारला बिऱ्हाड हलवायचं ठरवलं. तिथं बैलांना चारा मिळेल का, याची चौकशी झाली. माझं काम सुटेल, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही... माझ्यासुद्धा.

 तेवढ्यात जावयानं नातीचा पगार धरून मोबाइलवर परत बोटं चालवली आणि हसला. "आजी, डॅलस महाग पडलं. मी कळवून टाकतो, येत नाही म्हणून." नातीनं नुसती मान हलवली. जसं काही रोजचंच.

फोन ठेवला तर शेजारची शांताबाई दारातच.

"मग, जातात का?"

"नाही."

"अन् जावयाची बढती?"

"गेली."

"काय सांगता! बायकोच्या नोकरीपायी?"

"हो."

तिचं तोंड उघडंच राहिलं. म्हटलं, मिट, माशी जाईल... पण खरं सांगते, परवापासून माझंही तसंच उघडं आहे.