नाकराव आणि तिसरं पिंप

गॅस कंपनीत चौतीस वर्षं नाकरावांनी एकच काम केलं. वास घेतला. घरोघरी जायचं, ओट्याखाली वाकायचं, नळीपाशी नाक न्यायचं आणि गळती शोधायची. पुढे यंत्रं आली. पण यंत्र गप्प आणि नाकराव म्हणाले "आहे", तर साहेब नाकरावांचंच ऐकायचे. त्यांचं खरं नाव निरोप समारंभात माइकवरून पुकारलं, तेव्हा अर्ध्या लोकांनी मागे वळून पाहिलं, हे कोण म्हणून.

निवृत्त झाल्यावर ते नाक घरात मोकाट सुटलं. दूध कालचं आहे, टॉवेल नीट वाळला नाही, मेहुण्याचे बूट तो सांगतो तसे चामड्याचे नाहीत. बायकोने महिनाभर सोसलं आणि एका शनिवारी म्हणाली, "अहो, जरा फिरून या. आणि जमलं तर नाक तिकडेच ठेवून या."

गेले. बंद पडलेल्या लाँड्रीमागच्या गल्लीत त्यांना वास आला. आंबूस, फळाचा, थोडा ओल्या लाकडाचा. जुन्या सवयीने माग काढत ते एका शेडच्या दारात पोचले. आत पाच पिंपं आणि गमबूट घातलेली पन्नाशीची बाई.

"इथे काहीतरी गळतंय," नाकराव म्हणाले.

"गळत नाही, फसफसतंय. सफरचंदाचा रस आंबवतेय, सायडर करायला. आलाच आहात तर बसा."

या बाई आधी दातांच्या डॉक्टर. वीस वर्षं लोकांच्या तोंडात बघून विटल्या, दवाखाना बंद केला आणि कोणी फुकटही खाणार नाही असली वेडीवाकडी, कडवट सफरचंदं आणून सायडर आणि वाईन करू लागल्या. नाकरावांनी सरबत समजून मोठा घोट घेतला आणि त्यांच्या हिरड्याच आक्रसल्या. आंबट, मग तुरट, आणि सगळं संपल्यावर मागून हळूच सफरचंदाची साल. दुसरा घोट त्यांनी जपून घेतला. तिसऱ्याला डोळे मिटले. वासाचं काही चांगलंही होऊ शकतं, हे त्यांना साठीनंतर कळत होतं.

मग दर शनिवारी दुपारी तिथेच. घरी सांगायचे, "वाचनालयात चाललोय." चार महिन्यांत एकही पुस्तक घरात आलं नाही, हे बायकोला दिसत होतं. पण घरात शांतता होती, म्हणून तिनेही मूठ झाकलेलीच ठेवली.

शेडमधल्या बाकावर आणखी दोन रसिक असत, एक न्हावी आणि एक भूगोलाचे मास्तर. मास्तर ग्लास उजेडात धरून म्हणायचे, "यात एक उदास टेकडी आहे."

"आणि टेकडीवर ढग," न्हावी री ओढायचा.

"ओलं पोतं आहे," नाकराव म्हणायचे. "पण चांगल्या घरचं पोतं."

इथवर सगळे हसायचे. एका शनिवारी मात्र ते तिसऱ्या पिंपावरून नाक उचलत म्हणाले, "यात अंडी कुजलीत."

"मला नाही येत वास," डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला.

"येईल. गॅसला स्वतःचा वास नसतो, म्हणून त्यात मुद्दाम असलीच घाण मिसळतात. मी जन्मभर तिच्याच मागे होतो."

"माझं सायडर म्हणजे तुमची शेगडी नव्हे! पुन्हा यायचं नाही इथे."

नाकरावांना मिरच्या झोंबल्या. पुढचे दोन शनिवार ते खरोखरच वाचनालयात गेले आणि कपाटामागे उंदीर मेलाय असं तिथल्या लोकांना सांगून आले. मेला होताच.

तिसऱ्या आठवड्यात दारावरची बेल वाजली. बायकोने दार उघडलं. समोर गमबूट, हातात बाटली, उतरलेला चेहरा.

"नाकराव आहेत का? मी सायडरवाली. अंड्यांचा वास आता न्हाव्यालासुद्धा येतोय."

बायको आत वळून ओरडली, "अहो, वाचनालयाच्या बाई आल्यात! बाटली घेऊन!"

नाकराव लगबगीने बाहेर आले. तोवर बायकोने चपला घातल्या होत्या. "चला, बघू तरी कसलं वाचन चालतं ते."

इलाज डॉक्टरीणबाईंना ठाऊक होता. सायडरला तांब्याची पट्टी लागली की तो वास उतरतो, पण तांबं जास्त झालं तर सगळंच वाया. कुठे थांबायचं ते नाकालाच कळणार, आणि त्यांचं नाक वीस वर्षं लवंगेच्या तेलात मुरलेलं. दोघं दुपारभर पिंपाशी वाकून बसले. घासून लखलखीत केलेली तांब्याची पट्टी बाई ग्लासाग्लासात बुडवून काढत होत्या.

"अजून," नाकराव म्हणत. "अजून. जरासं. बस!"

बाईंनी चव घेतली आणि स्टुलावर बसल्या. "चुकलं माझं."

हे नाकरावांना आजवर कोणी म्हटलं नव्हतं. गळती सापडली की लोक त्यांच्यावरच खेकसायचे. त्यांनी उगीचच नाक पुसलं.

तोवर बायको वाईनच्या दुसऱ्या ग्लासावर पोचली होती. "हे तुम्ही चार महिने एकटे पीत होतात?" इतका मनापासूनचा राग त्यांनी तिच्या आवाजात कधी ऐकला नव्हता.

आता दोघं जोडीने जातात. मागच्या थंडीत नाकरावांना सर्दी झाली, नाक ठार बंद. समोर येईल त्या ग्लासाला ते "वा, छान!" म्हणू लागले.

"किती सभ्य माणूस हो," न्हावी मास्तरांना म्हणाला. "यांना औषध देऊ नका."

पिंपांशी त्या दिवशी बायको उभी होती. "चौथं अजून पंधरा दिवस राहू द्या," ती म्हणाली. "आणि या पाचव्याला, डॉक्टरीणबाई, राग मानू नका, पण पायमोज्याचा वास येतोय."

डॉक्टरीणबाईंनी राग मानला नाही. बाही सरसावून त्यांनी मुकाट्याने पाचव्या पिंपाचं झाकण उघडलं.