दादाचा पुढचा सीझन

रविवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास फोन वाजला की तो दादाचाच, हे आमच्या घरात इतकं ठरलेलं होतं की तो उचलताना मी ‘हॅलो’ म्हणतच नसे. त्या रविवारीही कणीक मळता मळता एका हाताने रिसीव्हर उचलला आणि म्हटलं, “बोल, कोणाला घेतलं नवीन?” रग्बीचा सीझन संपून काही आठवडे झाले होते आणि त्या दिवसांत दादाकडे एकच विषय असे, पुढच्या वर्षासाठी त्याच्या टीमने कोण नवा खेळाडू घेतला. पलीकडून कुणी बोलेना. मग नलूवहिनीचा आवाज आला. “शैला, मी बोलतेय गं... हे गेले.” दुपारी जेवून तो कन्झर्व्हेटरीत, म्हणजे मागच्या काचेच्या खोलीत, खुर्चीवर पेपर घेऊन बसला होता. वहिनी चहाला हाक मारायला गेली तर पेपर मांडीवर, चष्मा नाकावर, आणि तो तसाच. मी फोन ठेवला तेव्हा रिसीव्हरला सगळी कणीक लागली होती. ती मी दुसऱ्या दिवशी पुसली.

माझा दादा, दिनकर, सांगलीहून डॉक्टर होऊन इथे इंग्लंडला आला आणि पश्चिम यॉर्कशरमधल्या एका लहान गावच्या हॉस्पिटलात जन्मभर भूलतज्ज्ञ म्हणून राहिला. मी मागाहून लग्न होऊन लंडनजवळ क्रॉयडनला आले. आमच्या गोतावळ्यातले डॉक्टर गोल्फ शिकले, ब्रिज शिकले, लॉर्ड्‌सच्या मॅचची तिकिटं काढू लागले. दादाने काय करावं? रग्बी लीग. नुसतं रग्बी म्हटलेलं त्याला खपत नसे. दोन रग्बी असतात, त्यातली एक साहेबांची आणि दुसरी खाणीत आणि गिरणीत राबणाऱ्यांची, आणि ‘आपली’ ती दुसरी, हे तो मला इतक्या वेळा समजावत असे की शेवटी मी मुद्दाम ‘तुझं ते फुटबॉल’ म्हणू लागले.

त्याचं हे वेड सुरू झालं ते एकटेपणातून. आल्या वर्षीचा हिवाळा, रविवारी सगळं गाव बंद, बोलायला माणूस नाही. हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये खिडकीशी बसलेला असताना कुठूनतरी हजार माणसं एकदम ओरडल्याचा आवाज आला. काय झालं ते बघायला हा चपला घालून निघाला, आणि आवाजाच्या दिशेने चालत ग्राउंडवर पोचला. तिथे कठड्याला टेकून उभ्या असलेल्या एका बाईने, थंडीने काकडणारा हा किडकिडीत मुलगा पाहून, आपल्या हातातली अर्धी पोर्क पाय, म्हणजे डुकराचं मांस भरलेली जाड कचोरीच, त्याला दिली. आमच्या घरी अंडंसुद्धा येत नसे. नको कसं म्हणायचं हे कळेना, म्हणून दादाने वरचं कवच खाल्लं आणि आतलं रुमालात गुंडाळून खिशात घातलं. त्या बाईच्या ते लक्षात आलं. पुढच्या रविवारी तिने चीज आणि कांद्याची पाय आणली. ती मॉरीन. तेव्हापासून त्या कठड्याशी दोघं शेजारी शेजारी उभी राहिली, तिचा नवरा गेला तेव्हाही आणि दादा रिटायर झाला तेव्हाही.

“अगं, ही कबड्डीच आहे,” तो म्हणायचा. शाळेत तो कबड्डी खेळायचा, म्हणून त्याला ती पटकन कळली. चेंडू घेऊन धावायचं, समोरच्यांनी धरून पाडायचं. पण पाडल्यावर पडलेल्याला सोडावं लागतं, त्याला उठू द्यावं लागतं, तो उठून पायाने चेंडू मागे सारतो आणि खेळ पुढे चालू. हे सांगताना त्याचा आवाज बदलायचा. “पडलेल्या माणसाला उठायला जागा द्यायची, हा नियमच आहे, शैले.” गावात निम्म्या लोकांना त्याने कधी ना कधी भूल दिलेली. टीम रडतखडत खेळायला लागली की मागून कुणीतरी हमखास ओरडायचं, “डॉक्टर, आज यांना पण दिलीत का?” आणि दादा गंभीर चेहऱ्याने मागे वळून म्हणायचा, “थोडीशीच.”

आणि टीम तर कायमच रडतखडत. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. वरच्या लीगमधून ती कधीकाळी घसरली होती आणि पुन्हा प्रमोशन मिळवायचं, हे दादाचं स्वप्न. आशा सुटेना आणि देव भेटेना. दर वर्षी सीझन संपला की त्याचा फोन, “हरलो गं. पण पुढच्या वर्षी बघ.” प्रमोशन झालं की रिटायर होईन म्हणायचा. रिटायर झाला, प्रमोशन काही झालं नाही. शेवटच्या फोनमध्येही तो पुढच्या सीझनबद्दल भरभरून बोलला. गावातलाच एक पोरगा फुलबॅक आहे, सगळ्यांत मागे उभा राहणारा, त्याचा गुडघा बरा झालाय. नवा कोच शांत डोक्याचा आहे. ग्राउंडच्या त्या कोपऱ्यात पाणी साचायचं तिथे आता चर खणणार आहेत. “पुढचा सीझन आपला, शैले.” मी ‘हो हो’ म्हणत पोळ्या लाटत होते. त्या फोनमध्ये त्याने प्रमोशनचं नाव काढलं नव्हतं, हे मला फार नंतर आठवलं.

इथे दहनालाच नंबर लागतो, त्यामुळे दहावा दिवस केव्हाच उलटून गेला होता. लंडनच्या हाउन्सलोचे एक गुरुजी आहेत, आठवडाभर एअरपोर्टवर नोकरी करतात आणि शनिवार-रविवार धर्मकार्य. ते गाडी चालवत एवढ्या लांब आले आणि वहिनीच्या मागच्या अंगणात, लॉनच्या कडेच्या फरशीवर पिंड मांडला. कावळ्यांना तोटा नव्हता. शेजारच्या घराच्या धुराड्याच्या चिमणीवर एक बसूनच होता. पण तो काही केल्या खाली येईना. मॅगपाय म्हणतात ते दोन काळेपांढरे पक्षी येऊन गेले, त्यांना निखिलने हाकललं. निखिल दादाचा मुलगा, मिल्टन कीन्सला कंप्यूटरमध्ये आहे. गुरुजी म्हणाले, “काही इच्छा राहिली असेल. घरच्यांनी शब्द द्या.” निखिल पुढे झाला, हात जोडून म्हणाला, “बाबा, आय प्रॉमिस, मी आईचा काळजी घेईन. एव्हरी वीकेंड येईन.” कावळा ढिम्म. वहिनी म्हणाली, “मी नीट जेवीन. एकटी आहे म्हणून रडत बसणार नाही. घर विकणार नाही.” कावळ्याने मान फिरवली.

थंडी मी म्हणत होती. गुरुजींना परत जायचं होतं. त्यांनी हळूच सुचवलं, “दर्भाचा कावळा करून शिववू या का? शास्त्रात आहे तसं.” वहिनीचा चेहरा एवढासा झाला. माझा या सगळ्यावर विश्वास नाही. आमच्या बाबांच्या वेळीही मी लांब उभी राहिले होते. पण वहिनीकडे बघवेना, म्हणून मी पुढे झाले आणि, खरं सांगते, थोडी चिडूनच म्हणाले, “दादा, पुढच्या सीझनला तुझ्या टीमचं प्रमोशन होणार. मी शब्द देते. आता ये बाबा.” आणि तो आला. चिमणीवरून सरळ खाली, पिंडाला चोच मारली, वर एकदा आमच्याकडे पाहिलं आणि उडाला. निखिल “ओ माय गॉड” म्हणून मटकन खाली बसला. वहिनी हसली, मग रडली. आणि माझ्या अंगावर जो काटा आला, तो क्रॉयडनला परत येईपर्यंत गेला नाही.

त्यानंतर रविवार वैरी झाले. सहा वाजायला आले की हात पुसून मी फोनपाशी जाऊन उभी राहायची. एकदा खरंच वाजला. उचलला तर कुणी बोलेना, नुसता मागे खूप माणसांचा गलबला, लांबून येणारा, भरल्या ग्राउंडचा यावा तसा... मी “दादा?” म्हटलं. मग एका मुलीने माझं टेलिफोन बिल कमी करून हवंय का, अशी चौकशी केली. कॉल सेंटर होतं. त्या बिचारीला मी काय बोलले ते आठवत नाही, पण फोन ठेवल्यावर खिडकीखालून ट्रॅम गेली तरी मी दचकले.

ख्रिसमसला मी वहिनीकडे गेले. तिने दादाचे कपडे चॅरिटी शॉपला द्यायला पिशव्यांत भरायला घेतले होते. सगळं भरून झालं, पण मागच्या दाराआड खुंटीवर लटकलेल्या त्याच्या ग्राउंडवरच्या कोटाला तिचा हात लागेना. दार उघडलं की वाऱ्याने तो हलायचा आणि आम्ही दोघी तिकडे न बघता बोलत राहायचो. त्या संध्याकाळी मॉरीन आली. मी तिला पहिल्यांदा पाहत होते, पांढऱ्या केसांची, काठी घेतलेली. ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, बॉक्सिंग डेला, शेजारच्या गावाशी मैत्रीचा सामना असतो. त्याच्या आधी डॉक्टरसाठी मिनिटभर सगळे शांत उभे राहणार आहेत, घरचं कुणी आलं तर बरं, असं ती म्हणाली. वहिनी माझ्याकडे वळली. “मला नाही जमायचं. तू जा.”

सकाळी निघताना माझा लंडनचा कोट त्या हवेला पुरणार नाही म्हणून वहिनीने खुंटीवरचा तो कोट माझ्यापुढे धरला. मी बाहीत हात घातला आणि आत काहीतरी मऊ लागलं. बाहीत आधीच कुणाचा तरी हात असावा, तसं. मी झटकन हात काढला. “मफलर असेल,” वहिनी म्हणाली. “घरी आले की त्यातच कोंबायचे, पुढच्या वेळी विसरायला नको म्हणून.” टीमच्या रंगाचा, विटलेला, घामाचा आणि विक्सचा वास असलेला मफलर. मी तो गळ्यात घातला.

ग्राउंडवर गर्दी बरी होती. पायऱ्यांवर माणसं खेटून उभी होती, पण कठड्याशी मॉरीनच्या डावीकडे एका माणसाची जागा मोकळी. कुणी अडवलेली नव्हती, कुणी तिथे उभं राहत नव्हतं इतकंच. तिथल्या कठड्याचा रंग टेकून टेकून गेलेला. मॉरीनने मला हाताने तिथे ओढलं. मग शिट्टी वाजली आणि सगळे गप्प झाले. त्या शांततेत फ्लडलाइटच्या खांबांवर बसलेले कावळे तेवढे ओरडत होते.

मॅच सुरू झाली तेव्हा मी मॉरीनला कावळ्याची गोष्ट सांगितली. इंग्रजीत ती फारच वेडगळ वाटत होती, पण ती हसली नाही. सगळं ऐकून, तिकडे सगळ्यांनाच म्हणतात तसं मला ‘लव्ह’ म्हणत ती म्हणाली, “प्रमोशन? पण लव्ह, आता तसं प्रमोशन होतच नाही.” नियम बदललेत, तिने समजावलं. आता कितीही जिंका, सगळे सामने जिंका, वर घेत नाहीत. तीन वर्षांनी एकदा कमिटी बसते, ग्राउंड बघते, क्लबचे हिशेब बघते आणि ठरवते. पुढच्या सीझनला तर कुणालाच मिळणार नाही.

“दादाला माहीत होतं हे?”

“त्यानेच तर मला समजावून सांगितलं. दोनदा.”

“मग पुढच्या सीझनबद्दल तो एवढं काय बोलायचा?”

मॉरीनने माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं. “पुढच्या वर्षी पुन्हा मॅच असणार, म्हणून.”

गेलेल्या माणसाला मी शब्द दिला, कावळ्याने तो घेतला, आणि तो पुरा करणं माझ्याच काय, त्या चिखलात लोळणाऱ्या पोरांच्याही हातात नव्हतं. विश्वास नाही म्हणणारी मी, तिथे कठडा धरून मॉरीनला विचारत होते की आता माझा भाऊ सुटणार कसा. तिने फ्लास्कमधून चहा ओतला, नेहमीप्रमाणे दोन झाकणांत, आणि एक माझ्या हातात दिलं. मग समोर बघतच म्हणाली, “म्हणजे तुझा शब्द पुरा होईपर्यंत तो कुठे जात नाही, असं?”

“असं मानतात.”

“मग इथेच आहे म्हण की. थांबेल आमच्याबरोबर. त्याला सवय आहे.”

एवढे दिवस मला रडू आलं नव्हतं. ते तिथे आलं, परक्या गावात, मोठ्याने, आणि आजूबाजूच्यांना वाटलं मी त्या फुलबॅकच्या हातून सुटलेल्या चेंडूसाठी रडतेय. मागून एकाने समजूतही घातली, “नेव्हर माइंड, लव्ह, नुसती फ्रेंडली आहे.” आम्ही हरलो, हे सांगायला नकोच.

दादा आता सुटणार कसा म्हणून मी घाबरले होते, आणि खरं म्हणजे तो सुटू नये एवढंच मला हवं होतं. माणसाला शांती लाभो म्हणायची आपल्यात रीत आहे. मी आता म्हणत नाही. त्या कमिटीने खुशाल सावकाश बसावं, ग्राउंडची गटारं बघावीत, हिशेब तपासावेत, आणि माझ्या हयातीत तरी त्या टीमला वर घेऊ नये.

संध्याकाळी परत आले तेव्हा पिशव्या दाराशी बांधून ठेवल्या होत्या. एकीचं तोंड वहिनीने अजून उघडं ठेवलं होतं. मी कोट काढला, मफलर गळ्यातून सोडवला, घडी केली आणि नकळत त्याच्या बाहीत कोंबला. मग कोट मागच्या दाराआड खुंटीवर अडकवला.

“राहू दे, वहिनी,” मी म्हटलं. “फेब्रुवारीत सीझन सुरू होतो. लागेल.”

वहिनीने उघड्या पिशवीला गाठ मारली. कुणाला लागेल, ते तिने विचारलं नाही.