आठ दिवसांचे रोलर

सांता रेहिना शाळेच्या ऑफिसला खिडकी एकच, आणि त्या खिडकीत सतरा वर्षं एरिदानिया फिप्स. सान पेद्रो शहरातल्या मिरामार वस्तीतल्या निम्म्या पोरांचे दाखले तिच्याच हातचे. कुणाचा बाप कुठल्या साखर कारखान्यात होता, कुणाची आई न्यूयॉर्कला जाऊन बसलीय आणि कुणाची नुसतीच जाते जाते म्हणतेय, हे तिला रजिस्टर न उघडता ठाऊक. आवाज असा खणखणीत, की खिडकीतून तिनं हाक मारली तर मैदानापलीकडे कढईवर यानिकेकेच्या पुऱ्या तळणाराही मान वळवायचा.

त्या आवाजापायीच दर जूनमध्ये बारावीच्या पोरांना प्रमाणपत्रं देताना स्टेजवर नावं वाचायचं काम तिच्याकडे. आडनावंही तशीच होती म्हणा, इंग्रजी वळणाची. विल्किन्सन, फिप्स, हॅझल. बेटाबेटांवरून ऊस तोडायला आलेल्या आज्यापणज्यांनी बोचक्यात बांधून आणलेली. राजधानीतून येणाऱ्या मास्तरांच्या स्पॅनिश जिभेला ती पेलायची नाहीत. मागं एकदा एका नव्या मास्तरानं हौसेनं यादी हातात घेतली, तर तीन पोरं खुर्चीतून उठलीच नाहीत. तेव्हापासून यादी एरिदानियाची.

आणि यंदा त्या यादीत तिची लेक होती. एल्सीना. पोरगी पहिलीत गेली त्या दिवसापासून एरिदानिया येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आली होती, की एवढी वर्षं दुसऱ्यांची नावं वाचतेय, एकदा माझ्या पोरीचं वाचीन आणि मग घसा बसला तरी चालेल.

नेमकं यंदाच केसांनी घोळ घातला.

आठ वर्षांची असल्यापासून एरिदानिया दर दीड महिन्यानं केस सरळ करायचं औषध डोक्यावर थापून घेत होती. ते औषध भाजतं. भाजायला लागलं की दात आवळायचे, आणि पार्लरवाली "अजून पाच मिन्टं, माझ्या राणी" म्हणाली की अजून पाच मिनिटं आवळायचे. मग रोलर, मग तो डोक्यावर बसणारा गरम टोप, मग ओढून ओढून गरम हवा. सान पेद्रोतल्या बायकांचा शनिवार असाच जातो, त्यात कुणाला काही वाटत नाही. पण गेल्या वर्षी एरिदानियाच्या कानामागं जखमा झाल्या आणि त्या काही केल्या भरेनात. डॉक्टर म्हणाला, बाई, औषध तरी ठेवा नाहीतर डोकं तरी. दोन दिवस विचार करून तिनं डोकं ठेवलं. वर्षभर रुमालाखाली नवे कुरळे केस वाढवले, आणि ईस्टरच्या सुट्टीत मोरीत उभं राहून शिवणाच्या कात्रीनं जुनी सरळ शेपटं छाटून टाकली.

सोमवारी ती खिडकीत बसली ती डोक्यावर चार बोटं उंच, काळाभोर, वळ्यावळ्यांचा गोल घेऊन.

वाईट कुणी बोललं नाही. आमच्याकडे तोंडावर वाईट बोलायची पद्धत नाही, काळजी करायची आहे. भूगोलाच्या बाईंनी चौकशी केली, घरी वीज गेलीय का. शाळेच्या कँटीनवालीनं विचारलं, कोण वारलं. एका मुलाच्या आईनं तर खिडकीतून हात आत घालून तिचा हात दाबला आणि हळूच सांगितलं की धीर धरा, इलाज संपला की पहिल्यापेक्षा दाट येतात, माझ्या नणंदेचे आले. एरिदानियानं तिचे आभार मानले आणि सही कुठं करायची ते दाखवलं. एल्सीना तर दोन दिवस आईबरोबर रस्त्याच्या एका बाजूनं चालली नाही.

तिसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी केबिनमध्ये बोलावलं.

हेडमास्तर फ्रेमियो बाएस हा माणूस वाईट नव्हता. एल्सीनाचं अपेंडिक्स दुखायला लागलं तेव्हा यानंच वर्ग सोडून आपल्या गाडीत घालून तिला दवाखान्यात नेलं होतं. स्वतः दर शुक्रवारी न्हाव्याकडे जाऊन डोकं इतकं बारीक करून घ्यायचा, की आपले केस मुळात उगवतात कसे हे गेल्या पंचवीस वर्षांत त्याचं त्यालाही बघायला मिळालं नसावं.

"फिप्सबाई, मी कधी तुम्हाला काही बोललोय का?" त्यांनी सुरुवात केली. "पण पालक येतात. त्यांची पहिली नजर खिडकीवर जाते."

"खिडकीत मी असते, सर."

"तेच म्हणतोय मी. जरा विंचरून येत चला."

"विंचरलेत. सकाळी पाऊण तास गेला."

हेडमास्तरांनी तिच्या डोक्याकडे पाहिलं, मग पंख्याकडे पाहिलं. पाऊण तासाचं काय करायचं ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी असा तोडगा काढला, की केसांचं जरा मार्गी लागेपर्यंत बाईंनी मागच्या खोलीत जुनी रजिस्टरं लावावीत. खिडकीत तात्पुरती त्यांची भाची बसेल. आणि जूनमधली नावं? जूनपर्यंत केस जागेवर आले तर बाईच वाचतील, नाहीतर मग काय, हेडमास्तर स्वतः वाचतील.

मागच्या खोलीत एक मोडका पृथ्वीचा गोल होता, उंदरांनी कुरतडलेली हजेरीपत्रकं होती आणि भिंतीपलीकडे हेडमास्तरांची केबिन. मे महिन्यापासून दुपारी जेवणानंतर भिंतीतून आवाज यायला लागला. हेडमास्तर दार लावून विल्किन्सनची तालीम करत होते. एरिदानिया रजिस्टर मांडीवर घेऊन ऐकायची. हॅझलशी आले की त्यांना खोकला यायचा. तिला हसू यायचं. मग एल्सीनाचं नावही हाच माणूस असंच खोकत घेणार हे आठवायचं, आणि हसू जागच्या जागी विरायचं.

पार्लरात एकदा जाऊन बसली असती तर खिडकीही मिळाली असती आणि यादीही. तिनं तसा विचार केला नाही असं नाही. दोनदा दारापर्यंत गेली. दोन्ही वेळा त्या औषधाचा वास आला आणि कानामागचं कातडं आपोआप आक्रसलं.

जूनच्या पहिल्या शुक्रवारी तिची भावजय मार्सिया पहाटेच येऊन टपकली. मार्सियाला कुणाचंही डोकं हाताला लागलं की स्वस्थ बसवत नाही. म्हणाली, औषध नको तर नको, निदान ओल्या केसांवर बारके रोलर लावू, वळ्यांना बरा आकार येईल. बोलता बोलता बावीस रोलर लावूनही झाले. तेवढ्यात घड्याळात पाहिलं तर पावणेआठ. केस अजून ओले. एरिदानियानं वरून जाळी चढवली आणि तशीच शाळेत गेली.

शुक्रवारी रोलर लावून येण्यात नवल काहीच नव्हतं. संध्याकाळी कुणाचं बारसं, कुणाचा वाढदिवस असला की निम्म्या शिक्षिका जाळीखाली रोलर घालूनच गणितं शिकवतात. बाजारात बायका रोलर लावून मासे घेतात, चर्चच्या पायरीवर रोलर लावून भांडतात. रोलर लावलेल्या बाईला कुणी नावं ठेवत नाही, कारण ती वाटेवर असते. केस अजून सरळ झाले नसले तरी होणार आहेत, याची तिनं डोक्यावर पावतीच लावलेली असते.

हेडमास्तर व्हरांड्यात समोर आले आणि त्यांचा चेहरा दिवा लावावा तसा उजळला.

"वा, फिप्सबाई. घेतलंत मनावर."

काय मनावर घेतलं ते तिच्या लक्षात यायला एक क्षण लागला. लक्षात आलं तेव्हा ती नुसतं "हो सर" म्हणाली.

"समारंभासाठी?"

"समारंभासाठीच."

दहाच्या सुट्टीपर्यंत भाची घरी गेली होती आणि एरिदानिया खिडकीत होती. डोक्यावर बावीस प्लास्टिकच्या नळ्या, गुलाबी आणि हिरव्या, वर जाळी. आणि पालकांची नजर पहिली खिडकीवर जात होती, आणि एकाही पालकाला काही खटकत नव्हतं.

हे तिनं दिवसभर पाहिलं. संध्याकाळी मार्सियाला निरोप धाडला की रोलर पुढच्या शनिवारपर्यंत, समारंभ होईपर्यंत, राहू देत माझ्याकडे.

सोमवारीही ती रोलर लावून आली. मंगळवारीही. लोक लग्न कुणाचं विचारायचे, ती समारंभ आहे सांगायची, लोक खूश होऊन जायचे. शुक्रवारी म्हातारे तेओफिलो विल्किन्सन नातवाच्या समारंभाचे पास न्यायला आले. आयुष्य कारखान्यात गेलेलं, डोळे अधू, पण नजर तिखट.

"पोरी," खिडकीवर कोपर टेकून ते म्हणाले, "आठ दिस झालं. माझी म्हातारी लग्नाच्या टायमाला बी दोनच दिस घालून बसली हुती."

"माझे केस हट्टी आहेत, आजोबा."

"मग काढू नगंस. हट्टी माणसं मला आवडत्यात." आणि पास खिशात घालून गेले.

एल्सीनाही हेडमास्तरांसारखीच समजून चालली होती, की समारंभासाठी आई केस सरळ करून घेणार. तिनं शनिवारी सकाळी दोघींसाठी पार्लरात नंबर लावून ठेवला. निघताना आई उठेना, तेव्हा तिला उमगलं. ती दारात पर्स घेऊन उभी राहिली.

"मम्मी, म्हणजे रोलरच्या खाली काही नाहीये?"

"केस आहेत."

"तेच ना."

आता ही रडणार, असं एरिदानियाला वाटलं. पोरीचे डोळे भरले होतेही. पण ती विचार करत होती. समारंभ दुपारी चारला. हेडमास्तरांनी चारच्या आधी ते केस पाहिले की यादी त्यांच्या हातात जाणार, आणि मग ते सगळ्या सान पेद्रोसमोर तिच्या नावावर खोकणार.

"मग स्टेजवर चढेपर्यंत काढू नकोस," एल्सीना म्हणाली. "काढलेस की माझ्याकडे दे, मी लपवते." आणि एकटीच पार्लरला गेली.

समारंभाला हेडमास्तर नव्या कोटात घामाघूम झाले होते. साडेतीनला त्यांनी एरिदानियाला गाठलं. निळा रेशमी ड्रेस, उंच टाचा, आणि डोक्यावर अजून बावीस नळ्या.

"फिप्सबाई, काढा की आता."

"दमट हवा आहे, सर. आत्ता काढले तर चारपर्यंत बसतील."

 शेजारी उभ्या भूगोलाच्या बाईंनी मान डोलावली. त्या स्वतः चारला पाच मिनिटं असताना काढणार होत्या.

चारला तीन मिनिटं कमी असताना पडद्यामागं एल्सीना आईचे रोलर उपटत होती आणि आपल्या काळ्या झग्याच्या बाहीत कोंबत होती. एरिदानियानं लांब दात्यांचा कंगवा मुळाशी घालून केस चहूबाजूंनी वर उचलले. आठ दिवसांत बोटभर आणखी फुलले होते. बाहेर हेडमास्तर माइकमध्ये तिचं कौतुक करत होते. सतरा वर्षं, शाळेचा आवाज, वगैरे. टाळ्या पडल्या, ते वळले, आणि त्यांचा हात यादी पुढे करता करता हवेतच राहिला.

आता यादी मागं घ्यायची तर समोर चारशे माणसं बसलेली. एरिदानियानं त्यांच्या बोटांतून ती अलगद सोडवून घेतली.

सभागृहात कुजबुज झाली. एक मूल जोरात म्हणालं, कसले भारी आहेत, आणि त्याला कुणीतरी चिमटा काढल्याचं ऐकू आलं. मग तिसऱ्या रांगेतून विल्किन्सन आजोबांनी काठी आपटली.

"वाच की गं पोरी. घरी भात गार व्हायला लागलाय."

तिनं वाचलं. प्रत्येक नाव पूर्ण, आईच्या आडनावासकट. एकही पोर खुर्चीत बसून राहिलं नाही. एल्सीना दे ला रोसा फिप्स हे नाव आलं तेव्हा मात्र तिचा तो खणखणीत आवाज मध्येच चिरला आणि तिला तेच नाव पुन्हा घ्यावं लागलं. आरशासारखे सरळ केस पाठीवर सोडून एल्सीना स्टेजवर आली. चालताना तिची बाही खडखडत होती. हेडमास्तरांनी हात मिळवला तेव्हा एक हिरवा रोलर घरंगळत त्यांच्या बुटापाशी गेला. त्यांनी वाकून तो उचलला आणि काही सुचेना म्हणून प्रमाणपत्राबरोबर तिच्या हातात दिला.

सोमवारी सकाळी नव्या प्रवेशाची रांग फाटकापर्यंत गेली होती. खिडकी एरिदानियानं आपली आपणच उघडली. हेडमास्तर आले, खिडकीला खेटून उभे राहिले, कागद उगाच खालीवर केले. मानेवरून हात फिरवला. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "बाई, गुरुवारी तपासणीला राजधानीतून साहेब येतायत. समारंभाबद्दल मी काही म्हणत नाही. पण ते निघून जाईपर्यंत… तुमचे ते रोलर…"

"माझे नव्हते, सर. भावजयीचे. काल घेऊन गेली."

"परत मागता नाही येणार?"

"शनिवारी तिच्या भाचीचं लग्न आहे. तिला स्वतःलाच पुरत नाहीयेत."

हेडमास्तरांनी हे ऐकून खरोखर सहानुभूतीनं मान हलवली. लग्न म्हटल्यावर रोलर लागणारच. रांगेत कुणीतरी म्हणालं, फिप्सबाई, ऊन चढलंय.

एरिदानियानं पेनाचं टोपण काढलं. "सर, जरा उजेड सोडता का," ती म्हणाली, आणि खिडकीतून हाक मारली, "पुढचं कोण?"

मैदानापलीकडे यानिकेकेवाल्यानं कढईवरून मान वळवून पाहिलं.